लागली की घातली

धाकटीच्या नवऱ्याच्या अंगावरून कोणती गाडी गेली, याचा निकाल पंक्चरच्या दुकानात रोज लागत होता आणि रोज वेगळा लागत होता. त्या दिवशी ती ढकलगाडीचं चाक घेऊन तिथे पोचली, तेव्हा दुधाच्या टेम्पोची पाळी होती. शेतात कांद्याची काढणी चालली होती, ऐन वेळी चाक बसलं होतं आणि घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं. नाहीतर नवरा गेल्यापासून ती या रस्त्याला फिरकली नव्हती.

न्हावी बाकावर मांडी ठोकून बसला होता. "टेम्पो रोज पहाटे त्याच बाजूनं जातो," तो म्हणत होता, "आणि पोरगं चालवतं कसं, तर डोळे मिटून."

"टेम्पोनं माणसाचं एवढं होत नाही," पंक्चरवाला पाण्यात ट्यूब दाबत म्हणाला. "डंपर आहे तो. वरच्या खडी-क्रशरचाच."

"क्रशरचे सगळे डंपर पोलिसांनी उलटेपालटे करून बघितले. कुठे डाग नाही."

"डाग काय, धुता येतो."

"धुण्यावरून आठवलं." हे ड्रायव्हरकाका. जन्मभर ट्रक चालवून आता दुसऱ्यांच्या चहावर जगणारे. "खडीच्या धुळीनं सगळं गाव खोकत असतं, तेव्हा त्या वाटेवर कोणी तांब्याभर पाणी मारत नाही. मग नेमकं त्याच सकाळी टँकर कशाला फिरवला? पोलीस येईपर्यंत नुसता चिखल! चाकाची खूण शोधायची कुठे?"

"आणि मोटरसायकल?" न्हाव्याला चेव आला. "बाजूला डबल स्टँडवर उभी. ओरखडा नाही, किल्ली तशीच लावलेली. म्हणे पिऊन पडला होता. पिऊन पडणारा माणूस आधी गाडी डबल स्टँडला लावतो आणि मग रस्त्यात आडवा होतो होय? मला तर प्यायल्यावर माझंच घर सापडत नाही."

सगळे हसले. धाकटी चाक हातात धरून मागे उभी होती. डबल स्टँडचा प्रश्न तिचा होता. तेराव्याच्या आधीपासून ती तो ज्याला त्याला विचारत होती, पोलिसांना, दिराला, स्वतःला. आणि इथे तो चहाबरोबर तोंडी लावायला आला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पंक्चरवाल्याचं लक्ष गेलं. त्यानं ट्यूब खाली ठेवली. न्हाव्यानं पाय खाली सोडले आणि तोंड सुतकी केलं. "वहिनी, आम्ही तुमच्याच बाजूनं बोलतोय हो."

"माझ्या बाजूनं ना? मग चला चौकीत. हेच सगळं तिथे सांगा. चला, मी थांबते."

न्हाव्याला एकदम दुकान उघडं टाकून आल्याची आठवण झाली. ड्रायव्हरकाकांनी रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला. पंक्चरवाल्यानं चाक घेतलं आणि खाली मान घालून कामाला लागला. तो तरी काय करणार, क्रशरच्या गाड्यांचे टायर त्याच्याकडेच येत होते.

चाक होईपर्यंत तिथे थांबणं तिला जड गेलं. चौकी पलीकडच्याच वळणावर होती आणि हवालदाराचा निरोप आलेला होता. ती तशीच तिकडे गेली.

चौकीच्या मागच्या अंगणात जप्त गाड्या सडत पडल्या होत्या. त्यातच तिच्या नवऱ्याची मोटरसायकल होती, सीटवर बोटभर धूळ. हवालदार टेबलाशी पंख्याखाली बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण काम संपवायची घाई ज्याला असते, त्याच्या चांगुलपणाचा उपयोग तो काय?

"मोटरसायकल घेऊन जा," तो म्हणाला. "फक्त एक सही करा."

"कशाला?"

"तक्रार नाही म्हणून. अपघात झाला, कोणावर संशय नाही."

"मला सगळ्यांवर संशय आहे."

हवालदारानं सुस्कारा सोडला. "बाई, प्रश्न मलाही पडतात. पण प्रश्नांना बेड्या घालता येत नाहीत. साक्षीदार आहे कोण? एकटी तुमची सासू. पाण्याची मोटर चालू करायला पहाटे शेतात गेली होती. मी स्वतः विचारलं तिला, आजी, काय पाहिलंत? तर म्हणाली, पोराला गाडी लागली. दोनदा विचारलं, दोनदा तेच. गाडी लागली."

"मग?"

"मग काय? ठेच लागते, ऊन लागतं, तशी गाडी लागते. त्यात लावणारा कोणी नसतो. अंगावर गाडी घातली म्हणाली असती, तर घालणारा शोधायला मी जमीन उकरली असती. लागलीला मी काय करू? त्यातून तुमचा माणूस प्यायचा."

"प्यायचे. कधीमधी प्यायचे." तिचा आवाज चढला तसा बाहेरचा शिपाई डोकावला. "पिणाऱ्याला चिरडायची मोकळीक आहे का? तसं असेल तर निम्म्या गावाला आजच चिरडून टाका!"

"ओरडू नका. या आठवड्यात कागद वर जातील. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

तिनं सही केली नाही. मोटरसायकलही घेतली नाही. दुरुस्त झालेलं चाक खांद्यावर टाकून ती शेताची वाट चालू लागली, आणि वाटभर त्या एका शब्दावर चडफडत राहिली. लागली म्हणे!

भांडण वाटेवरूनच होतं. वरच्या अंगाला खडीचा क्रशर आल्यापासून त्याच्या डंपरनी यांच्या बांधाची गाडीवाट केली होती. आधी बांध गेला, मग बांधाशेजारचे वाफे गेले, आणि उरलेल्या कांद्याची पात धुळीनं पांढरी पडली. धाकटीच्या नवऱ्यानं आधी तोंडानं सांगून पाहिलं. कोणी ऐकेना, तेव्हा मरणाच्या आदल्या दिवशी दुपारभर खपून त्यानं मोठाले दगड वाटेत आडवे लावले. थोरल्या भावाला ते पटलं नव्हतं. घरचा ट्रॅक्टर थोरल्याच्या नावावर होता आणि त्याला क्रशरवर कायमचं काम होतं. त्या संध्याकाळी दोघा भावांची जुंपली. पहाटे धाकटा दगड राखायला गेला, तो तिकडचाच झाला. दुसऱ्या दिवसापासून डंपर पुन्हा सुरू. दगड कोणी हलवले, हेही कोणी विचारलं नाही.

शेतात थोरली जाऊ आणि सासू ढिगाशी बसून कांद्याची पात कापत होत्या. धाकटीनं ढकलगाडीला चाक बसवलं आणि विळा घेऊन तीही बसली. ऊन पाठीवर आलं होतं. डाव्या हातात कांदा, उजव्या हातातला विळा पायाच्या अंगठ्याशी. पात खाली, कांदा पुढे. कांद्याचा उग्र वास नाकात, केसांत, नखांत बसला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कशाचं, असं कोणी कोणाला विचारत नव्हतं. या कामाची तेवढीच एक सोय होती.

"हवालदार काय म्हणाला?" थोरलीनं विचारलं.

"म्हणाला, सही करा आणि मोकळ्या व्हा."

"मग केलीस?" सासूनं विचारलं. मान वर केली नाही.

"नाही."

सासूचा विळा जरासा थांबला आणि पुन्हा चालू झाला. मुलगा गेल्यापासून म्हातारी निम्मी झाली होती. खात नव्हती, कोणाशी धड बोलत नव्हती. धाकटीला तिची दया येत होती, म्हणून आजवर तिनं खोदून काही विचारलं नव्हतं. जिनं डोळ्यांनी पाहिलं, तिला काय विचारायचं?

वरून डंपर आला. रिकामा होता, म्हणून सुसाट होता. पुढचा खड्डा चुकवायला ड्रायव्हरनं गाडी सरळ शेतात उतरवली आणि मागचं चाक कांद्याच्या ढिगाच्या कडेवरून घेऊन गेला. करकर आवाज झाला. त्या कडेच्या कापलेल्या कांद्याचा मातीत पार लगदा झाला.

म्हातारी ताडकन उठली. या वयात आणि या दुखऱ्या गुडघ्यांनी ती एवढी झपकन उठेल असं वाटलं नसतं. विळा उगारून ती डंपरच्या मागे धावली. "अरे मुडद्या! डोळे फुटले का तुझे? गाडी घातली माझ्या कांद्यावर! दिसत असून घातली! थांब, थांब म्हणते ना!"

डंपर धुळीत गेला. म्हातारी शिव्या देतच परत फिरली, तर समोर धाकटी उभी होती.

"काय म्हणालात, आई?"

"काय म्हणणार? कांद्यावर गाडी घातली मेल्यानं."

"घातली." धाकटीनं त्या लगद्याकडे बोट दाखवलं. "कांद्यावर घातली. आणि तुमच्या पोराला लागली?"

सासूचा चेहरा उतरला. तिनं विळ्याकडे पाहिलं, मग बांधाकडे.

"बोलताना नीट बोलता येतं की तुम्हाला! चार कांदे गेले तर कोणी, कसं, दिसत असून, सगळं तोंडात आलं. आणि तुमचा मुलगा गेला तेव्हा तेवढी लागली? हवालदार त्या एका शब्दावर कागद बंद करतोय, आई. मी वेड्यासारखी सगळ्यांना स्टँड विचारते, पाणी विचारते, डंपर विचारते, आणि तुम्ही माझ्याच घरात बसून..."

"अगं, हळू," थोरली उठली.

"का हळू? कोणाला ऐकू जाईल? काय पाहिलंत, आई? आज सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही, तुम्हालाही हलू देणार नाही!"

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. थोरला कांदा भरायला ट्रॉली घेऊन येत होता. तो आवाज कानी पडताच म्हातारीनं डोळे मिटून घेतले. थोरल्याकडे तिनं पाहिलं नाही, ट्रॅक्टरकडेही नाही. धाकटीनं ते बघितलं. आणि आता तिला आठवलं, की इतक्या दिवसांत हा आवाज आला की म्हातारी उठून आत जात होती. ती समजत होती, दुःखानं जाते.

"आपला ट्रॅक्टर होता?" तिनं विचारलं. तिचा स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला.

म्हातारी मटकन खाली बसली.

थोरला इंजिन बंद करून उतरला. "काय झालं? रडारड कसली?"

"थांबा दादा. आईंना बोलू द्या."

म्हातारी मातीकडे बघत बोलू लागली. "एकच दिवा होता. एक फुटलाय ना आपला. आणि आवाज तर मी झोपेतही ओळखेन. धाकटा समोर उभा होता, हात आडवे करून. गाडी थांबली. दोघांचं काहीतरी मोठ्यानं झालं. मला वाटलं, भाऊ-भाऊ भांडतायत, भांडतील आणि येतील. मग गाडी थोडी मागे गेली." ती थांबली. "मागे गेली, आणि पुन्हा पुढे आली."

थोरल्याचं तोंड उघडं राहिलं.

"तुला वाटलं मी? आई, मी? माझ्या भावाच्या अंगावर मी गाडी घालीन?"

"काय वाटून घेऊ मग? आदल्या संध्याकाळी त्याला म्हणालास, तुला एकदा बघतोच. गाडी तुझी. चालवणारा तू."

"मी नव्हतो! मी घरात होतो!"

"घरातच होते," थोरली म्हणाली. ती आतापर्यंत हातातला कांदा कुस्करत होती. "घोरत होते. आणि ट्रॅक्टर नव्हता. सकाळी क्रशरचा मुकादम तो दारात लावून गेला. चाकं धुऊन. मागून नेलेली वस्तू धुऊन परत देणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी यांना म्हटलं, हे काय? तर म्हणाले, तू गप्प बस."

धाकटी दिराकडे वळली. "मुकादमाला किल्ली तुम्ही दिली?"

"दगड बाजूला ओढायला मागितली," थोरला म्हणाला. "डंपरला वाट हवी म्हणाला. मला काय माहीत, हा पहाटेच तिथे जाऊन उभा राहील?"

"आणि नंतर? नंतर तरी माहीत झालं ना?"

"नुसता संशय होता. विचारलं नाही मी."

"विचारलं नाहीत! तुम्ही मुकादमाला विचारलं नाहीत, आईंनी तुम्हाला विचारलं नाही, ताईंना तुम्ही गप्प बसवलं. या घरात मी एकटी विचारत होते, तर मलाच सगळे म्हणत होते, बाईचं डोकं फिरलंय!"

म्हातारी मुलाकडे पहिल्यांदाच सरळ बघत होती. "तू नव्हतास?"

"नव्हतो, आई. शपथ घेऊ का?"

"मग इतके दिवस मी कोणाला झाकलं?" ती म्हणाली. आणि तिनं दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "एक गेला, दुसरा तरी राहू दे म्हणून जीभ चावून बसले मी. आणि तो मुकादम दहाव्याला माझ्या दारात येऊन मला धीर देऊन गेला गं! मी त्याला पाणी दिलं!"

थोरली तिला धरायला गेली, तर तिनं हात झटकला.

थोरला मग बोलायला लागला आणि भराभर बोलला. मुकादम कबूल होणार नाही. क्रशरचा मालक त्याला सोडवेल, कदाचित त्यानंच पाठवला असेल. ट्रॅक्टर जप्त होईल, मग हा कांदा डोक्यावरून न्यायचा का? उन्हात पडला तर चार दिवसांत सडेल. आणि पोलीस आधी कोणाला धरतील? ज्याची गाडी त्यालाच. गेलेला माणूस काही परत येणार नाही.

यातलं खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच धाकटीला त्याचा जास्त संताप आला. "कांदा सडू दे," ती म्हणाली. "मी माझ्या हातानं उकिरड्यावर टाकीन. पण माझा माणूस पिऊन रस्त्यात पडला होता, असं मी कोणाला लिहू देणार नाही."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "ट्रॅक्टर काढ," ती थोरल्याला म्हणाली.

"कुठे?"

"चौकीत."

थोरला हलला नाही. मग ती ट्रॉलीवर चढायला लागली. पाय पुरेना, तशी दोन्ही सुनांनी तिला खालून लोटून वर चढवलं आणि त्याही चढल्या. पदर खोचून तिघी मोकळ्या ट्रॉलीत उभ्या राहिल्या. बराच वेळ तो तसाच उभा होता. मग सीटवर बसला आणि त्यानं ट्रॅक्टर सुरू केला. रस्ताभर गचके बसत होते आणि म्हातारी ट्रॉलीची कड घट्ट धरून होती. तिनं त्या ट्रॅक्टरवरची नजर आता काढली नाही.

चौकीच्या दाराशी थोरला खाली उतरलाच नाही. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाला.

हवालदार जेवण आटपून दात कोरत होता. "आजी, आता काय नवीन?"

"लागली नव्हती," म्हातारी म्हणाली. "घातली. मागे घेऊन घातली."

हवालदारानं काडी टाकली. आता तो नीट बसला. "कोणती गाडी?"

"आमची. बाहेर उभी आहे."

"चालवत कोण होतं?"

"क्रशरचा मुकादम."

"तुम्ही तोंड पाहिलंत त्याचं?"

"अंधार होता," म्हातारी म्हणाली. "दिवा डोळ्यांवर येत होता."

"मग कशावरून मुकादम?" हवालदाराचा आवाज कडक नव्हता, पण तो आता लिहीतही नव्हता. "आजी, नीट विचार करा. गाडी तुमची. भांडण भावा-भावांचं, ते सगळ्या गावाला माहीत आहे. मुकादम म्हणेल, मी किल्लीला हातही लावला नाही. तुमचं ऐकून मी लिहिलं, तर आत जाईल तो तुमचाच दुसरा मुलगा. किल्ली ज्यानं दिली, तो येऊन सांगेल का तसं?"

थोरली हळू आवाजात रडायला लागली. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या कडेला धरून ती उभी राहिली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लिहा. गाडी आमची, आणि घातली. गप्प बसून मी मारेकऱ्याला सांभाळलं, तेवढं पुरे झालं. बोलून दुसरा गेला तर जाऊ दे. त्याला तोंड आहे, त्याचं तो सांगेल."

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला.

धाकटी दाराकडे धावली. थोरल्यानं ट्रॅक्टर वळवला होता. ट्रॉली अंगणातल्या जप्त गाड्यांना घासत होती, आणि त्याचे दोन्ही हात स्टीयरिंगवर आवळलेले होते. फाटकातून बाहेर पडायला जेमतेम ट्रॅक्टरपुरती जागा होती. धाकटी पळत जाऊन त्या जागेत उभी राहिली. पदर खांद्यावरून सुटला होता, हाताला कांद्याचा वास येत होता.

"बाजूला हो!" थोरला ओरडला. "बाजूला हो म्हणतो ना!"

ट्रॅक्टर तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. पुढची जाळी तापलेली होती आणि तिची झळ तिच्या पोटाला लागत होती. ती घाबरली होती. पण ती हलली नाही.

"घाला, दादा," ती म्हणाली.

थोरला तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्यानं इंजिन बंद केलं. किल्ली काढून घेतली. उतरताना त्याचा पाय सटकला, त्यानं चाकाला धरून स्वतःला सावरलं, आणि त्या चाकाला हात लागताच चटका बसल्यासारखा तो काढून घेतला. धाकटीच्या बाजूनं तो खाली मान घालून आत गेला.

ती फाटकातच उभी राहिली. आतून हवालदाराचा आवाज आला, "किल्ली कोणी दिली?"

"मी," थोरला म्हणाला.